भुवया रेखून घेण्याआधी: मायक्रोब्लेडिंग, नॅनो की पावडर?

लग्नसराई जवळ आली की नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या पार्लरमध्ये थ्रेडिंगला बसलेल्या मुली एक प्रश्न हमखास विचारतात: "ताई, ते भुवयांचं टॅटू करून घेऊ का? वर्षभर पेन्सिल लावायची कटकट नको." मोबाइलवर सुरतेच्या, नाशिकच्या स्टुडिओंचे 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो फिरत असतात. त्यातला एखादा आवडतो आणि त्याच तंत्राची मागणी होते. निवड चुकते ती इथेच. फोटोतल्या बाईची त्वचा वेगळी असते, केस वेगळे असतात आणि तिचं दिवसभराचं कामही वेगळं असतं. शिवाय तो फोटो बहुतेक वेळा काम झाल्या झाल्या काढलेला असतो. सहा महिन्यांनंतर तीच भुवई कशी दिसते, ते त्यात कळत नाही.

गोंदणं आपल्या भागाला नवं नाही. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा घरांतल्या आजीबाईंच्या कपाळावर आणि हातांवर गोंदण आजही दिसतं. ते जन्मभरासाठी असतं, कारण त्याचा रंग त्वचेत खोल जातो. भुवयांच्या आधुनिक कामात रंग त्यापेक्षा बराच वर, त्वचेच्या दुसऱ्या थराच्या अगदी सुरुवातीला ठेवतात. म्हणून तो एक ते तीन वर्षांत फिका पडतो. पण रक्त येईल इतपत सुई टोचली जातेच. त्यामुळे हा मेकअप नसून त्वचेला केलेली छोटी जखम आहे, असं समजूनच पुढची प्रत्येक पायरी चढायला हवी.

पायरी १: भुवया विरळ का झाल्या, ते आधी शोधा

वर्षानुवर्षं थ्रेडिंग करून भुवया बारीक झाल्या असतील, तर आधी चार महिने धागा लावू नका. भुवईच्या केसाचं वाढण्या-गळण्याचं चक्र साधारण तेवढंच असतं. कित्येकींचे केस एवढ्यानेच परत येतात आणि टॅटूची गरजच उरत नाही. केसांची मुळंच मेली असतील, तर त्या जागी काहीच उगवणार नाही. चार महिन्यांनी हेही तुम्हाला कळलेलं असेल.

थ्रेडिंग हे कारण नसेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. भुवईचा कानाकडचा तिसरा भाग विरळ झाला असेल, जोडीला थकवा, वजनवाढ, पाळीतली गडबड असेल, तर थायरॉईडची तपासणी करून घ्या. रक्त कमी असलं तरी केस गळतात. आपल्याकडे बायांमध्ये हे फार आढळतं, त्यामुळे हिमोग्लोबिन तपासायला विसरू नका. भुवईवर नाण्याएवढं गुळगुळीत टक्कल पडलं असेल, तर ती चाई असू शकते. चाई चालू असताना सुई टोचून घेऊ नये.

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्यात स्पष्ट बोलायला हवी. भुवयांचे केस गळणं हे कुष्ठरोगाचंही एक लक्षण असू शकतं. महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात या आजाराचे नवे रुग्ण अजूनही सापडतात. भुवया गळण्याबरोबर अंगावर फिकट किंवा लालसर बधिर चट्टा असेल, चेहऱ्याची किंवा कानाच्या पाळीची त्वचा जाड, तेलकट-चकचकीत वाटत असेल, तर टॅटूने ते झाकू नका. सरकारी दवाखान्यात यावरचे औषधोपचार मोफत मिळतात आणि वेळेत सुरू केले तर आजार पूर्ण बरा होतो.

पायरी २: तंत्रं समजून घ्या

नावं पुष्कळ आहेत. जाहिरातीत तर रोज एखादं नवं दिसतं. मुळात प्रकार चारच आहेत.

*मायक्रोब्लेडिंग.* यात मशीन नसतं. पेनसारख्या दांडीच्या टोकाला बारीक सुयांची एक ओळ असते. तिने त्वचेवर केसासारख्या रेघा ओढतात आणि त्या चिरांमध्ये रंग बसतो. कोरड्या किंवा साधारण त्वचेवर, जिथे मुळात थोडेफार केस आहेत तिथे, हे काम अगदी नैसर्गिक दिसतं. साधारण एक ते दीड वर्ष टिकतं. तेलकट त्वचेवर मात्र या रेघा पसरतात, काही महिन्यांत एकमेकींत मिसळतात आणि भुवई राखाडी डागासारखी दिसू लागते. शिवाय त्याच जागी पुन्हा पुन्हा चिरा दिल्या, तर त्वचेवर व्रण उरतो.

*नॅनो ब्रो.* इथेही केसासारख्या रेघाच असतात, पण त्या मशीनच्या एकाच बारीक सुईने काढतात. सुई चीर देत नाही, टोचत टोचत पुढे जाते. खोलीवर ताबा राहतो आणि त्वचेला इजा कमी होते. थोड्या तेलकट, पातळ किंवा वय झालेल्या त्वचेवर ब्लेडपेक्षा हे बरं. कारागीर मात्र चांगला सरावलेला लागतो.

*पावडर किंवा ओम्ब्रे ब्रो.* मशीनने हजारो बारीक ठिपके देऊन छटा भरतात. आतल्या टोकाला फिकी आणि शेपटीकडे गडद अशी, पावडर लावल्यासारखी भुवई दिसते. केसाचा आभास यात नसतो. तेलकट त्वचा, मोठी रंध्रं, घाम येणारं काम या सगळ्यांत हे तंत्र सर्वात भरवशाचं आहे. दीड ते तीन वर्षं टिकतं.

*कॉम्बिनेशन.* पुढच्या भागात रेघा आणि शेपटीकडे छटा. भुवईची सुरुवात बरी आहे पण शेवट गायब आहे, अशांना हे शोभतं.

ही झाली सुईची तंत्रं. सुईशिवायचे पर्यायही आधी वापरून पाहण्यासारखे आहेत. भुवईची मेंदी किंवा टिंट एक ते दोन आठवडे टिकतो. लॅमिनेशनने असलेले केस वर बसवून भुवई भरीव दाखवता येते आणि त्याचा परिणाम दीड-दोन महिने राहतो. या दोन्हींतही रसायनं असल्यामुळे कानामागे चाचणी करूनच लावा. भरीव भुवई आपल्याला शोभते का, हे ठरवायचं असेल तर महिनाभर रोज पेन्सिलने तोच आकार काढून वावरा. कंटाळा आला नाही, तर पुढचा विचार करा.

पायरी ३: स्वतःची त्वचा तपासा

सकाळी साध्या फेसवॉशने चेहरा धुवा. क्रीम, तेल, पावडर काहीही लावू नका. दोन तासांनी भुवयांच्या वर आणि मध्ये टिश्यू पेपर दाबा. तेलाचे डाग उमटले तर त्वचा तेलकट आहे. अशा वेळी मायक्रोब्लेडिंगचा विचार सोडा आणि पावडर किंवा नॅनोकडे वळा. कागद कोरडा राहिला तर रेघांचं कुठलंही तंत्र चालेल. ही चाचणी उन्हाळ्यात आणि थंडीत अशी दोनदा करा. थंडीत कोरडी वाटणारी त्वचा चैत्र-वैशाखात पार बदलते.

मग हाताची, कानाची, पोटाची जुनी जखम बघा. कान टोचल्यावर गाठ आली होती का? लसीच्या किंवा शस्त्रक्रियेच्या जागी व्रण फुगून उभा राहिला का? तशी प्रकृती असेल तर तो केलॉइडचा धोका आहे आणि भुवईवर सुई नकोच. मुरूम गेल्यावर काळे डाग महिनोन्‌महिने राहत असतील, तर सावळ्या त्वचेवर सुईनेही तसाच काळपटपणा उरू शकतो. चीर देणाऱ्या तंत्रापेक्षा हलक्या हाताने केलेलं मशीनचं काम तिथे बरं. अंगावर कोड असेल तर जखमेच्या जागी नवा डाग उठण्याची भीती असते, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

भुवईवर आधीचं टॅटू असेल, तर त्यावर रेघा उठून दिसत नाहीत. फिकं असेल तर पावडरने झाकता येतं. गडद निळसर असेल तर आधी लेझरने उतरवावं लागतं.

पायरी ४: कोणी थांबावं, कोणी डॉक्टरांना विचारावं

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी थांबावं. अठरा वर्षांखालच्या मुलींनी करूच नये. साखर आटोक्यात नसेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेतली असेल, भुवईजवळ इसब किंवा सोरायसिस असेल, तर डॉक्टरांच्या होकाराशिवाय वेळ घेऊ नका. कॅन्सरच्या उपचारांत केस गेले असतील, तर ज्यांच्याकडे उपचार चालू आहेत त्यांनाच विचारा.

सिकलसेलबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या जिल्ह्यात तो घराघरांत ठाऊक असलेला आजार आहे. सिकलसेलच्या रुग्णाला जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं आणि ताण यांनी दुखण्याचा झटका येऊ शकतो. त्यामुळे फक्त दिसण्यासाठी सुई टोचून घेण्याआधी आपल्या डॉक्टरांचं मत घेणं भाग आहे. तुम्ही रुग्ण आहात की फक्त वाहक, हे माहीत नसेल तर आधी रक्ततपासणी करा. वाहकांना सहसा असा त्रास होत नाही.

रक्तदानाचाही विचार करा. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या निकषांनुसार टॅटू काढल्यावर १२ महिने रक्तदान करता येत नाही. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल आणि गरजेला तुम्हीच रक्त देत असाल, तर हे वर्ष तुम्हाला परवडेल का, ते घरच्यांशी बोलून ठरवा.

पायरी ५: काम आणि हंगाम बघून तारीख ठरवा

जखम भरायला दहा-चौदा दिवस लागतात. या काळात घाम, धूळ, ऊन आणि पाणी यांपासून भुवई सांभाळावी लागते. म्हणून कॅलेंडर उघडूनच वेळ घ्या.

नंदुरबारच्या मिरची पथारीवर काम असेल, तर हंगाम चालू असताना हे करू नका. ताज्या जखमेवर मिरचीची धूळ बसली तर आग होतेच, शिवाय चोळल्याने खपली निघते आणि रंगही जातो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. घामाने रंग नीट बसत नाही आणि उन्हाने लवकर विटतो. लावणी-निंदणीच्या दिवसांत चिखल-पाण्यात दोन आठवडे भुवई कोरडी राहणं कठीण. भोंगऱ्या बाजार आणि होळीच्या तोंडावर तर मुळीच नको, कारण गुलाल आणि रंग थेट जखमेत जाईल.

लग्न असेल तर उलटं मोजा. पहिलं काम, सहा ते आठ आठवड्यांनी टच-अप आणि त्यानंतर भरून यायला दोन-तीन आठवडे. म्हणजे मुहूर्ताच्या निदान तीन महिने आधी सुरुवात हवी. हळदीच्या आठवड्यात कोणी "आज करून देते" म्हणालं तर नकार द्या. ओल्या जखमेवर हळद लागली तर जखम चिडू शकते, आणि फोटोत भुवईवरच्या खपल्या दिसतात ते वेगळंच.

पायरी ६: हात आणि सुई पारखा

तंत्र बरोबर निवडलं आणि सुई दूषित निघाली, तर सगळं वाया. एकच सुई अनेकांना वापरली तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही पसरू शकतात. यात्रेत-बाजारात मशीन घेऊन बसणाऱ्यांकडून चेहऱ्यावर काहीही करून घेऊ नका. हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल, तर तिचे तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात. टॅटू करायचा असो वा नसो, ती घ्यावी.

स्टुडिओत पुढच्या गोष्टी डोळ्यांनी बघा आणि तोंडाने विचारा:

- सुई किंवा ब्लेडचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडलं का? त्यावर मुदतीची तारीख आहे का?
- रंगाच्या बाटलीवर कंपनीचं नाव, बॅच क्रमांक, मुदत आहे का? रंग तुमच्यासाठी वेगळ्या छोट्या कपात काढला का?
- हातमोजे नवे आहेत का? मध्येच मोबाइल उचलला तर ते बदलतात का?
- वापरलेली सुई जाड, बंद डब्यात टाकतात की साध्या कचऱ्यात?
- तुमच्यासारख्या त्वचेवर केलेल्या कामाचे वर्षभरानंतरचे फोटो दाखवतात का?
- आजार आणि औषधं विचारणारा अर्ज भरून घेतात का?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. तुम्हाला काही आजार आहे का हे न विचारता जो पैसे घेतो, त्याच्या हातात चेहरा देऊ नका. "तुमच्या त्वचेला हे तंत्र चालणार नाही" असं सांगून ग्राहक परत पाठवणारा कारागीर मिळाला, तर त्याच्यावर विश्वास ठेवा.

रंगाची आणि बधिर करणाऱ्या क्रीमची चाचणी कानामागे किंवा कोपराच्या आत करून किमान एक-दोन दिवस थांबा. खाज, पुरळ, सूज आली तर तो रंग तुमच्यासाठी नाही. बधिर करणाऱ्या क्रीममधल्या लिडोकेनचीही काहींना ॲलर्जी असते. दातांच्या डॉक्टरांकडे इंजेक्शन घेताना कधी त्रास झाला असेल तर तो आठवून सांगा.

पायरी ७: आकार बसून ठरवा, रंग जपून निवडा

आकार आखताना सरळ बसा. आडवं झालं की त्वचा खेचली जाते आणि दोन्ही बाजू फसव्या दिसतात. साधा अंदाज असा: नाकपुडीच्या कडेपासून सरळ वर जाणाऱ्या रेषेवर भुवईची सुरुवात आणि नाकपुडीपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून जाणाऱ्या तिरक्या रेषेवर शेवट. आखणी झाली की आरशात हसून, भुवया उंचावून, कपाळाला आठ्या घालून बघा. सोबत आई, बहीण किंवा मैत्रीण असू द्या. पसंत पडेपर्यंत पुसून पुन्हा काढायला सांगा. हा वेळ तुमच्या हक्काचा आहे. आजच्या फॅशनची फार जाड किंवा फार टोकदार भुवई नको. फॅशन वर्षात बदलते, रंग राहतो.

केस काळे म्हणून कोळशासारखा काळा रंग मागू नका. कार्बनचा काळा रंग त्वचेत जुना झाला की निळसर-राखाडी दिसतो. लोहाच्या संयुगांपासून केलेले तपकिरी रंग उतरताना लालसर होऊ शकतात. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर गडद तपकिरी सहसा बरा दिसतो. पहिल्या दिवशी थोडा फिकाच घ्या. टच-अपला गडद करता येतो, पण गडद झालेला फिका करणं अवघड.

पायरी ८: पहिले चार आठवडे

पहिल्या दिवशी झिरपणारं पाणी निर्जंतुक कापसाने हलकेच टिपा, चोळू नका. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भुवई फार गडद आणि जाड दिसेल. घाबरू नका, ती तशी राहत नाही. पाचव्या दिवसापासून खपली सुटू लागते. ती आपोआप पडू द्या, कारण नखाने ओढलेल्या खपलीबरोबर रंगही निघतो. दुसऱ्या आठवड्यात रंग जवळजवळ नाहीसा झाल्यासारखा वाटेल. चौथ्या आठवड्यापर्यंत तो परत वर दिसू लागतो. खरा निकाल तेव्हाच कळतो आणि टच-अपचा निर्णयही तेव्हाच घ्यायचा.

या काळात कारागिराने सांगितलेलं मलम अगदी पातळ लावा. हळदीचा लेप, खोबरेल तेल, टूथपेस्ट, गावठी लेप यांतलं काहीही नको. मेकअप, वाफ, पोहणं टाळा. बाहेर पडताना छत्री किंवा ओढणी घ्या. जखम भरल्यावर रोज सनस्क्रीन लावलं तर रंग जास्त टिकतो.

लाली पसरत गेली, पू आला, ताप चढला, डोळा सुजला, तर स्टुडिओला फोन करत बसू नका. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे जा. काही महिन्यांनी भुवईत गाठी आल्या किंवा खाज सुरू झाली, तरी ती रंगाची ॲलर्जी असू शकते, आणि तिलाही डॉक्टरच लागतो. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली, तर भुवईवर टॅटू आहे हे तंत्रज्ञाला आधी सांगा. काही रंगांत लोहाचे कण असतात आणि तिथे गरम लागू शकतं.

पायरी ९: पूर्ण खर्च मांडा

जाहिरातीतला आकडा अर्धाच असतो. त्यात टच-अप धरलाय का, ते लेखी विचारा. धडगाव-अक्कलकुव्याहून सुरत किंवा नाशिकला जायचं तर दोन खेपांचं भाडं, बुडालेली मजुरी आणि पुढे दर एक-दोन वर्षांनी रंग ताजा करण्याचा खर्च जोडा. काम बिघडलं तर ते उतरवणं करण्यापेक्षा महाग पडतं. लेझरच्या अनेक फेऱ्या लागतात. लोहाचे आणि पांढऱ्या टायटॅनियमचे काही रंग तर लेझरने आधी आणखी काळे होतात. 'अर्धकायम' म्हणजे रंग पूर्ण जाईलच असं नाही. काहींच्या त्वचेत फिकी सावली कायमची उरते. हे मान्य असेल तरच पुढे जा.

निवड थोडक्यात

त्वचा कोरडी, थोडे केस आहेत, काम सावलीतलं आहे: मायक्रोब्लेडिंग किंवा नॅनो. त्वचा पातळ, वय पन्नाशीपुढे: नॅनो किंवा हलकी पावडर. त्वचा तेलकट, घाम फार, शेतातलं किंवा उन्हातलं काम: पावडर. सुरुवात चांगली, शेपटी गायब: कॉम्बिनेशन. जुनं टॅटू आहे: पावडर, नाहीतर आधी लेझर. केलॉइडची प्रकृती, गरोदरपण, भुवया गळण्याचं कारण न कळलेलं: कुठलंच नाही, आधी डॉक्टर.

मनात थोडी जरी शंका असेल, तर पेन्सिलवर आणखी सहा महिने काढा. त्याने नुकसान काहीच होत नाही. आणि करायचंच ठरलं, तर स्वस्त आणि जवळचा स्टुडिओ शोधण्यापेक्षा स्वच्छ आणि प्रामाणिक हात शोधा. फोटो तुमची त्वचा बघत नाही. चांगला कारागीर आधी तीच बघतो आणि तंत्र त्यानंतर ठरवतो.